उरलेले द्रावण झाडांना घालावे

सोमवारी सकाळी परिपाठाच्या आधीच शिपाईमामा प्रयोगशाळेच्या दारात उभे. "मॅडम, तुळशीला काय घातलंय पोरांनी? जळालीया नुसती." वृंदावनातली तुळस खरंच करपली होती. पानांच्या कडा तपकिरी, शेंडे माना टाकलेले, मातीवर पांढरट पापुद्रा. शुक्रवारी आमच्या नववीच्या वर्गानं गणेशमूर्तीचं प्लास्टर अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायचा एक 'पर्यावरणपूरक' प्रयोग पूर्ण केला होता. त्या प्रयोगाच्या कागदावर शेवटची ओळ मीच लिहिली होती: उरलेले द्रावण झाडांना घालावे.

ही ओळ मी कुठूनतरी उचललेली. गणपतीच्या दिवसांत ती सगळीकडे फिरत असते, पत्रकांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, सोसायटीच्या फलकावर. किती द्रावण, किती पाणी मिसळून, कुठल्या झाडाला, किती दिवसांनी, यातलं काहीच त्यात नसतं. मीही विचारलं नाही. पुढं महिनाभर आमच्या वर्गात जे रसायनशास्त्र शिकून झालं, ते या ओळीतून निघालं. मूळ प्रयोगातून त्याच्या निम्मंही निघालं नसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

प्रयोग काय होता

आमची शाळा पंचगंगेपासून फार लांब नाही. वर्गात चाळीस मुलं-मुली. निम्मी शहरातली, निम्मी वडणगे, चिखली, आंबेवाडीकडून सायकलनं किंवा एसटीनं येणारी. काही मामाकडे, आत्याकडे राहून शिकणारी. 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा धडा नववीला आहेच. क्षार म्हटलं की मुलं मीठ आणि मोरचूद सांगतात आणि थांबतात. गौरी-गणपतीचं विसर्जन नुकतंच झालं होतं. कोल्हापुरात मूर्तिदानाची रीत जुनी आहे. घाटावर कार्यकर्ते उभे असतात, इराणी खणीकडे ट्रॉल्या जातात, गावाकडे गुऱ्हाळाची काहिल पाण्यानं भरून चौकात ठेवतात आणि तिच्यात घरगुती गणपती बुडवतात. मुलांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून ठरवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याचा प्रयोग घ्यायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेली ही पद्धत पुण्यात घरगुती मूर्तींसाठी वापरली गेली आहे.

मूर्ती वर्गात आणायची नाही, हे आधीच ठरवलं. पूजलेली तर नाहीच, न पूजलेलीही नाही. बापट कॅम्पात एका मूर्तिकारांकडे साच्यातून काढताना फुटलेले पाट आणि उंदीर पोत्यात भरून ठेवलेले होते. त्यांनी अर्धं पोतं असंच दिलं. त्यात काही तुकडे रंगवलेले होते. काहींतून काथ्या बाहेर आलेला. पीओपीला बळकटी यावी म्हणून काथ्या घालतात, हे मुलांना तिथंच कळलं.

अमोनियम बायकार्बोनेट लक्ष्मीपुरीतल्या बेकरी सामानाच्या दुकानातून आणलं. बेकरीवाले त्याला नुसतं 'अमोनिया' म्हणतात. बिस्किटं फुगतात ती त्याच्यामुळं. डबा उघडला की नाकात झणका बसतो, कारण हा पदार्थ साध्या उष्णतेतही हळूहळू मोडत असतो. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन उडून जातो. जुना, अर्धवट उघडा राहिलेला डबा वापरू नये.

आठ गट केले. प्रत्येकाला २० ग्रॅमचा तुकडा आणि २०० मिलिलिटर पाणी. सहा गटांना २० ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट, एका गटाला तितकाच खायचा सोडा, एका गटाला नुसतं पाणी. सहातल्या दोन गटांना मुद्दाम रंगवलेले तुकडे दिले. वजनकाट्याची अडचण होती, ती गुजरीत दुकान असलेल्या एका पालकांनी सोडवली. सोनं मोजायचा त्यांचा छोटा काटा आठवडाभर आमच्याकडे होता आणि मुलं तो देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखा हाताळत होती.

पहिली गडबड: मूर्ती पीओपीची नसतेच

समीकरण लिहायला घेतलं तेव्हाच थांबावं लागलं. फळ्यावर मी सवयीनं पीओपी लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पीओपी म्हणजे ती पिशवीतली पूड ना? हा तर दगड झालाय." बरोबर होतं. पूड म्हणजे प्लास्टर, कॅल्शियम सल्फेटच्या दोन रेणूंना पाण्याचा एक रेणू. ती पाण्यात कालवली की पाणी पिऊन पुन्हा घट्ट होते आणि प्रत्येक कॅल्शियम सल्फेटला पाण्याचे दोन रेणू लागतात. त्याला जिप्सम म्हणतात. जिप्सम भाजून प्लास्टर करायचं आणि प्लास्टर भिजवून परत जिप्सम. गणपती कारखान्यातून पूड म्हणून येतो आणि मखरात जिप्सम म्हणून बसतो.

मग वजनांचा हिशोब मांडला. सूत्रवस्तुमानांनी, म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वजनांच्या बेरजेनं, तो असा येतो: जिप्सम १७२, अमोनियम बायकार्बोनेटचे दोन रेणू १५८, एकूण ३३०. तयार होतं कॅल्शियम कार्बोनेट १००, अमोनियम सल्फेट १३२, कार्बन डायऑक्साइड ४४, पाणी ५४. पुन्हा ३३०. समीकरण संतुलित करणं म्हणजे अंकांची कसरत, असं बहुतेक मुलांना वाटत असतं. इथं मात्र २० ग्रॅमच्या तुकड्याला १८.४ ग्रॅम बायकार्बोनेट लागणार आणि तळाशी ११.६ ग्रॅम पांढरी पूड उरणार, हे त्यांनी काटा हातात घेण्याआधीच काढलं. वीस ग्रॅम आम्ही जरा सढळ हातानं घेतलं होतं.

'विरघळवणे' हा शब्दही तपासून घेतला. जिप्सम नुसत्या पाण्यातही थोडं विरघळतं, लिटरला साधारण दोन ग्रॅमच्या वर. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला हजारेक लिटर स्वच्छ पाणी आणि भरपूर ढवळणी लागेल. तळ्यात कोणी ढवळत बसत नाही, वर ऑइलपेंटचा थर असतो, म्हणून मूर्ती महिनोन्महिने तशीच पडते. बायकार्बोनेटमध्ये ती विरघळते म्हणणंही अर्धंच खरं. विरघळलेलं कॅल्शियम लगेच कार्बोनेट होऊन तळाला बसतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट जिप्समच्या मानानं शंभरपटीहून कमी विरघळतं. द्रावणातून कॅल्शियम काढून घेतलं जात राहिलं की जिप्सम आणखी सुटत राहतं. खुर्ची रिकामी झाली की रांगेतला पुढचा येऊन बसतो, तसं.

तीन दिवस

पहिल्या दिवशी बारीक बुडबुडे, वास आणि "काही होत नाहीये" अशी कुरकुर. खिडक्या उघड्या ठेवल्या. एका गटानं वास नको म्हणून बाटलीचं झाकण गच्च लावलं. अर्ध्या तासानं ते फटकन उडालं. कुणाला लागलं नाही, पण ही चूक माझी. बंद भांड्यात वायू तयार होणार, हे कागदावर ठळक लिहायला हवं होतं.

बुधवारी फरक दिसला. जे गट मधल्या सुट्टीत येऊन ढवळून गेले होते, त्यांच्या तुकड्याचा लगदा झाला होता. एका गटानं हातच लावला नव्हता. त्यांचा तुकडा बाहेरून मऊ, आत टणक. तो चाकूनं कापला तर कवचावर व्हिनेगर फसफसलं, म्हणजे तिथं कार्बोनेट होतं. गाभ्यावर फसफसलं नाही. कार्बोनेटचा थर जिप्समवर बसला की आतलं जिप्सम पाण्याला सापडतच नाही. पृष्ठभागाचा अभिक्रियेच्या वेगाशी काय संबंध, हे त्या कापलेल्या तुकड्यानं दाखवून दिलं. तो तुकडा मी अजून ठेवलाय. नुसत्या पाण्यातला तुकडा होता तसाच. सोड्याचा तुकडा भुसभुशीत झाला होता, पण आमच्या वर्गात तरी अमोनियावाल्यांच्या मागं.

सुती कापडानं गाळलं, पूड वाळवली. सप्टेंबरातलं कोल्हापूर, ऊन कुठलं मिळायला. वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवली. वजनं आली ती १३, १५, १६, आणि एका गटाची चक्क १९ ग्रॅम. १९ वाले खूश. "मॅडम, आमचं सगळ्यात जास्त आलं!" हिशोबानं ११.६ च्या वर जायला नको, हे लक्षात आल्यावर चेहरे पडले. मग शोध लागला. थोडं ओल होतं, थोडं अभिक्रिया न झालेलं जिप्सम होतं, रंगाच्या गटात रंगाचे पापुद्रे होते. व्हिनेगर घालत गेलं की कार्बोनेट फसफसून जातं आणि मागं राहतं ते मुख्यतः जिप्सम. जास्त आलं म्हणजे चांगलं झालं, असं गुणांच्या बाबतीत असतं. प्रयोगाच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं. त्या गटातल्या मुलीनं वहीत लिहिलं, "आमचे १९ ग्रॅम म्हणजे आमचा आळस."

द्रावणात खरंच अमोनियमचा क्षार आहे का, हे तपासायला हळदीचा कागद पुरला. गाळणकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवला, परत ओला केला, द्रावणाच्या थेंबभर नमुन्यात चिमूटभर चुना टाकून कागद वर धरला. पिवळा कागद लाल झाला. चुन्यानं अमोनिया मोकळा केला होता. ही चाचणी थेंबातच करायची. बादलीत चुना टाकला तर वर्ग रिकामा करावा लागेल.

शुक्रवारी रंग नसलेल्या चार गटांचं द्रावण एका बादलीत गोळा झालं. जवळजवळ ८०० मिलिलिटर. कागदावरची शेवटची ओळ वाचून चौघींनी ते नेलं आणि पहिलं दिसलं त्या झाडाला घातलं.

तुळशीचा हिशोब

सोमवारी मामांचं ऐकून घेतलं. माफीही मागितली. मग तुळस हाच तासाचा विषय केला. मुलींना रागवावं असं मला वाटलं नाही. त्यांनी सूचना पाळली होती.

बादलीत काय होतं? प्रत्येक गटात पूर्ण अभिक्रिया झाली असेल तर १५.३ ग्रॅम अमोनियम सल्फेट. चार गटांचं ६१ ग्रॅम. अभिक्रिया अर्धवट असली तरी नत्र फारसं बदलत नाही, तेव्हा ते बायकार्बोनेटच्या रूपात द्रावणात राहतं. अमोनियम सल्फेटची पोती मुलांच्या घरी येतात. त्यात २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असतं. चिखलीच्या मुलीला मी विचारलं, एकराला किती टाकतात? ती म्हणाली, "पीक बघून बदलतंय मॅडम. एक पोतं धरू." (ती पुढं "मी सांगतो" म्हणाली. कोल्हापूरच्या मुली 'आलो, गेलो' म्हणतात. मीही घरी तसंच बोलते, शाळेत विसरायचा प्रयत्न करते.)

पन्नास किलोचं पोतं. एकरात ४० गुंठे, गुंठ्यात १०८९ चौरस फूट. म्हणजे एका चौरस फुटाला साधारण १.१५ ग्रॅम. आमचं वृंदावन वरून चौरस फूटभर. त्यात एकदम ६१ ग्रॅम. पन्नास पटींहून जास्त, आणि तेही लिटरला ७५ ग्रॅमहून घट्ट द्रावण. मुळाबाहेर इतकं खारट झालं की मूळ पाणी ओढून घेण्याऐवजी गमावतं. लोणच्यात कैरीची फोड आकसते तशी तुळस आकसली. मातीवरचा पांढरा पापुद्रा म्हणजे वाळलेलं खतच.

वीसपट पाणी मिसळून ते लिटरला चार ग्रॅमच्या आत आणता येतं, मग बागेत पसरून देता येतं. हे गणित मुलांनी केलं आणि आता प्रयोगाच्या कागदावर तेच छापलं आहे. पण त्या तासाला खरा प्रश्न वेगळाच निघाला. एका मुलानं सरळ विचारलं, "मॅडम, मग बाकीचे जे घरी गणपती विरघळवतात, ते एवढं पाणी कुठं टाकतात?"

त्याचं उत्तर शोधायला आम्ही चालत निघालो. प्रयोगशाळेच्या सिंकखालचा पाइप, मागची गटार, रस्त्याकडेचा ओढा. अर्ध्या तासात कळलं की आमचं पाणी जयंती नाल्याच्या वाटेवर आहे आणि जयंती नाल्याचा शेवट पंचगंगा. वाटेत कसबा बावड्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पण सांडपाण्यातलं विरघळलेलं नत्र पूर्ण काढणं सोपं काम नाही, आणि पावसाळ्यात सगळंच पाणी केंद्रापर्यंत पोहोचतं असंही नाही. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा मुलांनी पाहिलेला आहे. रंकाळ्याचं पाणी शेवाळानं हिरवं झालेलं त्यांच्या आईवडिलांना आठवतं. ती जलपर्णी, ते शेवाळ नत्र आणि स्फुरद खाऊनच वाढतं. आम्ही नदी वाचवायला केलेल्या प्रयोगाचं द्रावण सिंकमध्ये ओतलं असतं तर नदीला खतच घातलं असतं. शेतात जे खत, नदीत ती घाण, रेणू तोच.

वर्गात त्या दिवशी कुणी हसलं नाही. मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं. प्रदर्शनासाठी मी 'हरित विसर्जन' असा फलक आधीच रंगवून घेतला होता.

शिरोळचा मुलगा

पुढच्या तासाला अणूंच्या काटकसरीचा हिशोब घेतला. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेली 'अ‍ॅटम इकॉनॉमी'ची कल्पना अशी: जेवढं वजन अभिक्रियेत घातलं, त्यातलं किती कामाच्या पदार्थात आलं? १९९८ मध्ये पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची जी १२ तत्त्वं मांडली, त्यांत ती दुसरी. पहिलं तत्त्व सांगतं की कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये.

आमचे आकडे सोपे होते. कार्बोनेट आणि सल्फेट दोन्ही वापरात आणलं तर ३३० पैकी २३२, म्हणजे ७० टक्के. सल्फेटचं पाणी गटारीत गेलं तर ३३० पैकी १००, जेमतेम ३० टक्के. प्रयोग तोच, पदार्थ तेच. बादली कुठं रिकामी केली एवढ्यावर ७० चे ३० होतात. पाठ्यपुस्तकातल्या समीकरणात बाणाच्या उजवीकडे लिहिलं की काम संपतं. मुलांना पहिल्यांदाच दिसलं की उजवी बाजू पुढं कुठंतरी जात असते.

तेव्हा शिरोळ तालुक्यातून मामाकडे राहायला आलेला एक मुलगा, जो एरवी तासभर काही बोलत नाही, उभा राहिला. "मॅडम, आमच्या रानात जिप्समच टाकत्यात की. चोपणाला. मग हे इरघळवायचं कशाला?"

मी काही क्षण गप्प होते. त्यानं जे विचारलं होतं ते माझ्या पाठ-नियोजनात कुठंच नव्हतं.

शिरोळकडे वर्षानुवर्षं उसाला भरमसाठ पाणी देऊन जमिनी खराब झाल्या, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. त्यात दोन प्रकार मिसळून बोलले जातात. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार साचलेले असतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. ती ओली असताना चिखल, वाळली की दगड, पाणी वरच तुंबतं. चोपणाला जिप्सम घालतात. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतं, सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातं आणि निचऱ्याची सोय असेल तर शेतातून बाहेर पडतं. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात तो यासाठीच.

आता फळ्यावरच्या हिशोबाकडे पाहा. तुकडा कुटला आणि चोपण रानात टाकला, तर अमोनियम बायकार्बोनेट लागतच नाही. १७२ मधले १७२ कामाला. आणि बायकार्बोनेट फुकटचं नसतं. त्यातला अमोनिया नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात प्रचंड दाबाखाली, हेबर पद्धतीनं बनतो. आम्ही तो विकत घेतला, जिप्सम मोडलं, मग तयार झालेल्या खताला गिऱ्हाईक शोधत बसलो. मुलाच्या वडिलांना जिप्समच हवं होतं.

खायच्या सोड्याचा गटही इथं उलटा पडला. घरात सहज मिळतो, वास नाही, म्हणून बहुतेक मुलांना तोच 'जास्त इको-फ्रेंडली' वाटला होता. पण त्यातून सोडियम सल्फेट निघतं. चोपण जमिनीतून हाकलायचं ते सोडियम आम्ही बाटलीत तयार करत होतो.

मी लगेच मान डोलावली नाही, कारण दोन अडचणी खऱ्या होत्या. पहिली रंगाची. पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांत शिसं, क्रोमियम असू शकतं. ते शेतात जाऊन चालणार नाही आणि शाळेत आम्हाला ते मोजता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१० च्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या विसर्जनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत विषारी रंग नकोत असं जे सांगितलं आहे, त्यामागं हेच कारण आहे. पीओपीची मूर्ती नकोच, असंही त्यांत म्हटलं आहे, म्हणजे परत पहिलं तत्त्व. आमच्या दोन रंगीत गटांत रंग विरघळला नाहीच, पापुद्रे होऊन सुटला. मूर्ती दिसेनाशी झाली, रंग होता तिथंच राहिला.

दुसरी अडचण रसायनाची नव्हती. मुलांना घरी विचारायला सांगितलं: पूजलेली मूर्ती कुटून रानात टाकली तर चालेल का? उत्तरं सगळ्या प्रकारची आली. "असलं काय शिकवत्यात शाळेत?" हेही आलं. एका आजीनं सांगून पाठवलं होतं की उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या, मूर्ती हलवली, की देव गेला. मग राहते ती माती, आणि काळ्या आईत गेली तर ते विसर्जनच. दुसऱ्या आजीला कुटणं हा शब्दच सहन झाला नाही. मी यावर वर्गात निकाल दिला नाही, तो माझा अधिकारही नाही. पण विज्ञानाच्या तासाला घरची उत्तरं फळ्यावर, अणूंच्या हिशोबाशेजारी लिहिली गेली, हे मला आवडलं. उपाय कागदावर कितीही शुद्ध असला तरी त्या दुसऱ्या आजींच्या दारात तो अडणार, आणि तेही आकडेमोडीत धरावं लागतं.

मग काय बदललं

प्रयोगाचं माप खाली आणलं. २० ग्रॅमच्या जागी ५ ग्रॅम पुरतात आणि बादलीच भरत नाही. झाकण सैल ठेवायचं, हे पहिल्याच ओळीत आलं. रंगीत तुकडे आता घेत नाही. दोन गटांचा रंगीत गाळ बरणीत बंद करून वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवलाय, कारण त्याचं काय करायचं याचं शाळेच्या पातळीवर चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळ्यात मोठा बदल प्रयोगवहीत आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या नेहमीच्या रकान्यांनंतर एक रकाना वाढवला: 'कुठे गेलं?' त्यात प्रत्येक उरलेल्या पदार्थाचं नाव, वजन आणि ठिकाण लिहायचं. सुरुवातीला मुलं तिथं 'सिंक' लिहून मोकळी व्हायची. आता सिंक लिहिलं तर पुढचं ठिकाणही लिहावं लागतं. बाकीच्या प्रयोगांतही हा रकाना चालू ठेवल्यावर कळलं की मोरचुदाचं निळं पाणी आम्ही इतकी वर्षं बिनदिक्कत ओतत होतो. आता त्यात लोखंडी खिळे टाकून तांबं काढून घेतो, आणि तो विस्थापनाचा प्रयोग म्हणून वहीत चढतो.

घटक चाचणीत एक प्रश्न दिला: शेजारच्या काकूंनी दीड किलोची रंग नसलेली मूर्ती दीड किलो अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवली आहे. त्यांना काय सांगाल? काहींनी पाठ केल्यासारखं 'झाडांना घाला' लिहिलं. पण एकानं द्रावणात १.१५ किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट निघेल हे काढून लिहिलं, "काकूंना विचारीन, तुमच्याकडे शेत आहे की कुंडी?" त्याला पूर्ण गुण दिले, शुद्धलेखनाच्या चार चुका असूनही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शिरोळच्या मुलानं पिशवीभर माती आणली, त्यांच्या चोपण तुकड्यातली. वडिलांनी निरोप दिला होता की आधी माती परीक्षण, मग किती जिप्सम ते ठरतं, असं ढोबळ टाकायचं नसतं. आम्ही मात्र दोन बाटल्या घेतल्या. दोन्हींत चमचाभर माती आणि पाणी. एकीत बिनरंगी पाटाची चिमूटभर पूड. हलवून खिडकीत ठेवल्या. तासाच्या शेवटी जिप्समच्या बाटलीत गाळ तळाला बसून वरचं पाणी निवळलं होतं. दुसरी पिठल्यासारखी गढूळ, दुसऱ्या दिवशीही तशीच. सोडियम चिकटलेले चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. कॅल्शियम आलं की ते एकत्र येऊन बसतात. पंधरा रुपयांचाही खर्च नाही, आणि धनप्रभारित आयनांची अदलाबदल मी याहून चांगली कधी दाखवलेली नाही.

मुलगा निवळ बाटलीकडे बघत होता. "म्हंजे सोडियम आता ह्या वरच्या पाण्यात." मी म्हटलं, हो. "आमच्या रानात ते निचऱ्याच्या पाइपनं ओढ्याला जातंय. ओढा नदीला." त्यानं 'कुठे गेलं?' च्या रकान्यात हे सगळं लिहिलं आणि जागा पुरली नाही म्हणून समासात गेला.

बाटल्या रिकाम्या करायला मी त्याला बाहेर पाठवलं, तर शिपाईमामा झाडू घेऊन वृंदावनापाशी उभे होते. "तुळशीला न्हाय हं," एवढंच म्हणाले.